मोठं डिडक्टिबल घ्यावं का? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

दिवाळीच्या सुमारास अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडायची मुदत, सुरू होतं आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. यंदाची बरीचशी पत्रं एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट हे औषधपाण्यासाठीचं करमुक्त बचत खातं, आणि त्याच्यासोबत येणारा मोठ्या डिडक्टिबलचा विमा, म्हणजे एचडीएचपी, याबद्दल आहेत. डिडक्टिबल म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी आपण स्वतः भरायची रक्कम. निवृत्त होईपर्यंत मी एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात काम केलं. विमा माहितीपत्रकात कसा दिसतो यापेक्षा तो बिलाच्या कागदावर कसा उतरतो हेच मी जास्त पाहिलंय. उत्तरं त्याच नजरेने दिली आहेत. मर्यादांचे आकडे २०२६ सालाचे आहेत.

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक लिहितात : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं आणि दोन लहान मुलं. नवऱ्याच्या कंपनीत दोन पर्याय आहेत. पीपीओचा, म्हणजे नेहमीच्या छोट्या डिडक्टिबलच्या विम्याचा, हप्ता महिन्याला ६१० डॉलर, कुटुंबाचं डिडक्टिबल १,५००, पुढे २० टक्के आपले आणि वर्षात खिशातून जाण्याची कमाल मर्यादा ६,०००. एचडीएचपीचा हप्ता ३३०, डिडक्टिबल ४,०००, पुढे २० टक्के, कमाल मर्यादा ९,०००. शिवाय कंपनी एचएसएमध्ये १,२०० डॉलर घालते. ऑफिसातले सगळे म्हणतात, एचएसए घ्या, कर वाचतो. मला त्या ४,००० च्या आकड्याचीच धास्ती वाटते. काय करावं?

धास्ती रास्त आहे. पण तुम्ही सगळे आकडे लिहून पाठवलेत, तर आधी हिशेब मांडू.

पीपीओचे वर्षाचे हप्ते होतात ७,३२०. एचडीएचपीचे ३,९६०. म्हणजे कुणी शिंकण्याआधीच ३,३६० डॉलर वाचले, आणि कंपनीचे १,२०० धरले तर फरक ४,५६० चा. आता सगळ्यात वाईट वर्ष धरा, ऑपरेशन झालं, कमाल मर्यादा गाठली. पीपीओत एकूण १३,३२० जातील. एचडीएचपीत ३,९६० अधिक ९,००० वजा १,२००, म्हणजे ११,७६०. मधलं वर्ष धरा, जेव्हा विम्याच्या दराने ४,५०० डॉलरचे उपचार झाले : पीपीओत हप्त्यांसकट ९,४२०, एचडीएचपीत ६,८६०. तुमच्या आकड्यांत एचडीएचपी तिन्ही वेळा स्वस्त पडतो, आणि अजून कर धरलेलाच नाही.

मग पीपीओ घ्यायचाच कुणी? वर्षाची बेरीज वेगळी आणि फेब्रुवारीत हातातून जाणारे पैसे वेगळे, म्हणून. डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं. धाकट्याचा हात फेब्रुवारीत मोडला तर इमर्जन्सी, एक्स-रे, हाडांचे डॉक्टर, प्लास्टर यांची बिलं एकाच महिन्यात येतात आणि विमा कंपनी म्हणते, अजून डिडक्टिबल संपलं नाही. त्या दिवशी एचएसएमध्ये जेवढे पैसे जमा झालेत तेवढेच वापरता येतात. एफएसएमध्ये, म्हणजे पगारातून करमुक्त पैसे वळवायच्या ऑफिसच्या वार्षिक खात्यात, वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून हाताशी असते, इथे तसं नाही.

त्यामुळे माझा प्रश्न एकच असतो : घरभाडं किंवा मॉर्गेज न अडता बाजूला काढता येतील असे ४,००० डॉलर आज बँकेत आहेत का? असतील तर एचडीएचपी घ्या. नसतील तरी तुमच्या बाबतीत वाट आहे. महिन्याचे वाचलेले २८० डॉलर आपले नाहीतच असं समजून पगारातूनच एचएसएत वळवा. त्याचे वर्षाला ३,३६० होतात, कंपनीचे १,२०० धरून ४,५६०. म्हणजे घरखर्चाला धक्का न लावता वर्षअखेर पूर्ण डिडक्टिबल खात्यात असेल. पहिले पाच-सहा महिने मात्र नाजूक आहेत, आणि कंपनीचे १,२०० जानेवारीत एकरकमी येतात की दर पगाराला थोडे थोडे, हे एचआरला विचारूनच ठरवा.

शार्लटच्या एका वाचकाचे आकडे याच टपालात आले आहेत : हप्त्यातला फरक महिन्याला फक्त ७० डॉलर, कंपनी एचएसएत काही घालत नाही, आणि डिडक्टिबल पीपीओत १,५००, एचडीएचपीत ५,०००. वर्षाला ८४० वाचवण्यासाठी ३,५०० चा जास्तीचा भार अंगावर घ्यायचा. लहान मुलं असलेल्या घराला मी हो म्हणणार नाही. करात जी बचत होईल ती एका आजारपणात निघून जाईल.

आता कर. २००३ च्या डिसेंबरमध्ये मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याच्या, औषधांचा मोठा कायदा झाला, त्यातच एचएसएची तरतूद होती, आणि १ जानेवारी २००४ पासून ही खाती सुरू झाली. पैसे जाताना कर नाही, वाढताना नाही, औषधपाण्यासाठी काढताना नाही. असं तिन्हीकडून मोकळं खातं इथल्या करव्यवस्थेत दुसरं नाही. २०२६ ला कुटुंबासाठी मर्यादा ८,७५० डॉलर, एकट्यासाठी ४,४००, आणि ५५ पूर्ण झालेल्यांना वर १,०००. कंपनीचे पैसे याच मर्यादेत मोजले जातात, म्हणजे तुम्हाला स्वतःचे ७,५५० घालता येतील. पगारातून वळते केले तर सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, आणि मेडिकेअरसाठी कापले जाणारे ७.६५ टक्केही वाचतात. नंतर स्वतः चेकने भरले तर ते वाचत नाहीत. आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७,५५० वर दोन्ही मिळून साधारण २,२४० डॉलर होतात. मात्र तुम्ही न्यू जर्सीत राहता. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं एचएसएला मानत नाहीत, त्यामुळे राज्याचा कर भरावा लागेल आणि खात्यातल्या व्याज-लाभांशावरही दरवर्षी लागेल. तरीही केंद्राची बचत मोठी आहे.

सही करण्याआधी आणखी एक गोष्ट बघा, कारण इथे माणसं अडकलेली मी पाहिली आहेत. कुटुंबाचं डिडक्टिबल ४,००० आहे, पण घरातल्या एकट्या माणसाचं वेगळं, कमी डिडक्टिबल आहे का? काही प्लॅनमध्ये असतं, काहींत नसतं. नसेल तर घरात एकच जण आजारी पडला तरी पूर्ण ४,००० त्याच्याच बिलांतून भरावे लागतात. एचएसएला चालणाऱ्या कौटुंबिक प्लॅनमध्ये ते वेगळं डिडक्टिबल असलं तरी २०२६ मध्ये ३,४०० च्या खाली असू शकत नाही. हे सगळं 'समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज' नावाच्या कागदात सापडतं. विमा कंपनीला तो द्यावाच लागतो आणि सगळ्यांचा नमुना सारखाच असतो. त्याच्या शेवटी तीन उदाहरणं असतात : पेगचं बाळंतपण, जोचा मधुमेह आणि मियाचं साधं फ्रॅक्चर. दोन्ही प्लॅनचे कागद शेजारी ठेवून ती तीन उदाहरणं वाचा. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

आणि नुसतं डिडक्टिबल मोठं असून भागत नाही. २०२६ ला किमान डिडक्टिबल एकट्याला १,७०० आणि कुटुंबाला ३,४०० हवं, खिशातून जाणारी कमाल रक्कम ८,५०० आणि १७,००० च्या वर नको, आणि प्रतिबंधक उपचार सोडून बाकी कशाचेही पैसे विम्याने डिडक्टिबलआधी द्यायचे नाहीत. याला मोजके अपवाद आहेत, टेलिहेल्थ त्यातलाच एक. कागदावर 'एचएसए एलिजिबल' असं लिहिलेलं असल्याखेरीज खातं उघडू नका. जे स्वतः मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून, विमा घेतात त्यांच्यासाठी नवं असं की १ जानेवारी २०२६ पासून तिथले सगळे ब्राँझ, म्हणजे कमी हप्त्याचे, प्लॅन एचएसएला चालतात. जुलै २०२५ च्या कायद्याने हा बदल केला.

प्लेनो, टेक्सासहून एक वाचक : ताई, यांना मधुमेह आहे. एचडीएचपी घेतल्यापासून हे तपासण्या टाळतात. ए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी तपासणी, झाली की बिल येईल, डोळे दाखवले की बिल येईल, असं म्हणतात. एचएसएमध्ये ६,००० हून जास्त डॉलर आहेत, पण ते म्हातारपणासाठी गुंतवलेत, हात लावायचा नाही म्हणतात. मी काय सांगू यांना?

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. या विम्याबद्दल मला खरी काळजी वाटते ती याचीच. मोठ्या डिडक्टिबलमागची कल्पना अशी की माणूस स्वतःच्या खिशातून देऊ लागला की नको ते उपचार टाळेल. पण १९७० च्या दशकात सुरू झालेल्या रँड संस्थेच्या मोठ्या प्रयोगातच दिसलं होतं की खिशाला चाट बसली की माणसं नको ते टाळतात तसं हवं तेही टाळतात. कुठलं टाळायचं हे रोग्याला कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही चूक आहे.

तुमच्या यजमानांना दोन गोष्टी सांगा. पहिली ही की ज्याची ते धास्ती घेतात त्यातलं बरंचसं कदाचित डिडक्टिबलच्या कक्षेत येतच नाही. जुलै २०१९ मध्ये आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या कर खात्याने, एक सूचना काढली. तिच्यानुसार काही जुनाट आजारांची औषधं आणि तपासण्या एचडीएचपीला डिडक्टिबलआधी देता येतात. त्या यादीत मधुमेह असलेल्यांसाठी ए१सी, ग्लुकोमीटर, इन्शुलिन आणि साखर कमी करणारी इतर औषधं, रेटिनोपथीसाठी डोळ्यांची तपासणी, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधं, हे सगळं आहे. रक्तदाब असेल तर घरी वापरायचं यंत्रही आहे. प्लॅनवर सक्ती नाही, मुभा आहे, म्हणून विम्याच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करा आणि 'प्रिव्हेंटिव्ह ड्रग लिस्ट' मागा. नेमकं विचारा : मेटफॉर्मिन आणि ए१सी माझ्या प्लॅनमध्ये डिडक्टिबलआधी आहेत का? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

वर्षाची सर्वसाधारण तपासणी, लसी, स्त्रियांची मॅमोग्राफी, ४५ नंतरची आतड्याच्या कर्करोगाची तपासणी, हे तर इन-नेटवर्क, म्हणजे विम्याशी करार असलेल्या, डॉक्टरकडे पूर्ण विम्याचंच असतं. इथे बिलिंगमधली एक गोष्ट सांगते. वार्षिक तपासणीला गेल्यावर 'डॉक्टर, गुडघाही दुखतो आणि साखरेच्या गोळीने पोट बिघडतं' असं म्हटलं आणि डॉक्टरांनी त्यावर खरोखर वेळ दिला, औषध बदललं, तर बिलात त्याच दिवसाचे दोन कोड, म्हणजे सेवेचे क्रमांक, लागतात. पन्नाशीच्या जुन्या पेशंटला वार्षिक तपासणीचा ९९३९६ आणि तक्रारीच्या भेटीचा, समजा, ९९२१३, त्याला मॉडिफायर २५, म्हणजे 'त्याच दिवशीची वेगळी सेवा' अशी खूण, जोडून. पहिल्याचं बिल शून्य, दुसरा डिडक्टिबलमध्ये. लोक चिडून फोन करायचे की 'फ्री' तपासणीचे पैसे कसे लावले. कोड बरोबर असायचा, फक्त कुणी आधी सांगितलेलं नसायचं. तक्रार मात्र सांगायचीच. ती लपवून वाचवलेले पैसे पुढे कितीतरी पटींनी जातात.

दुसरी गोष्ट. ते ६,००० डॉलर औषधपाण्यासाठीच आहेत. एचएसएत डिडक्टिबलएवढी रक्कम नेहमी रोख ठेवावी आणि त्यावरचीच गुंतवावी, असं माझं ठाम मत आहे. शेअर बाजार पडलेल्या महिन्यातच दवाखाना निघाला तर तोट्यात विकावं लागतं, आणि विकायचं नाही म्हणून मग तपासणी पुढे ढकलली जाते. म्हातारपणासाठी साठवताना डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची तपासणीच टाळली, तर ते म्हातारपण कशात जाईल? हे वाक्य यजमानांना जसंच्या तसं वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

नेपरव्हिल, इलिनॉयहून एक वाचक : गुडघ्याचा एमआरआय हॉस्पिटलात केला. आठवड्याने त्यांच्या पोर्टलवर ३,४०० डॉलरचं बिल दिसलं, 'आता भरा' असं बटण होतं. एचएसएच्या कार्डाने भरून टाकू का? दिरंगाईचा दंड लागेल अशी भीती वाटते.

भरू नका, थांबा. हॉस्पिटलच्या यादीतला दर आणि विम्याशी ठरलेला दर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हॉस्पिटलने क्लेम पाठवला, विमा कंपनीने तो तपासला, ठरलेला दर लावला आणि मग तुम्हाला ईओबी, म्हणजे एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स पाठवलं, असा क्रम आहे. पोर्टल या क्रमासाठी नेहमीच थांबत नाही. ईओबी हे बिल नव्हे, पण खरा आकडा त्यातच असतो. त्यात ओळीने रकाने असतात : हॉस्पिटलने लावलेली रक्कम, विम्याची सूट, मान्य रक्कम, विम्याने दिलेली, आणि शेवटी 'पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी'. समजा मान्य रक्कम १,१५० निघाली आणि तुमचं डिडक्टिबल शिल्लक आहे, तर तुम्ही १,१५० देणं लागता, ३,४०० नाही. हॉस्पिटल इन-नेटवर्क असेल तर वरचे २,२५० त्यांना तुमच्याकडून मागताच येत नाहीत.

बिलिंग विभागाला फोन करून एवढंच म्हणा : क्लेम अजून विम्याकडे आहे, ईओबी येईपर्यंत खातं होल्डवर ठेवा. रोज असे फोन येतात, कुणाला राग येत नाही. ईओबी आल्यावर बिलाशी ताडून बघा. तारीख, कोड आणि शेवटची रक्कम या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. न जुळल्यास आयटमाइझ्ड बिल मागा, त्यात एकेक ओळ कोडसकट असते. उजव्या गुडघ्याऐवजी दोन्ही गुडघे लागलेले मी पाहिले आहेत.

जुळलं आणि तरी एकदम देणं जमत नसेल तर हप्ते मागा. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी चांगल्या पगाराचं पण मोठ्या कुटुंबाचं घरही त्यात बसतं. अर्ज मागायला लाजू नका. आपल्या माणसांत हा संकोच फार आहे आणि त्यापायी पैसे जाताना मी पाहिलेत.

पुढच्या वेळेसाठी : डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला की सीपीटी कोड, म्हणजे त्या तपासणीचा बिलिंगचा क्रमांक, विचारून घ्या आणि विम्याच्या संकेतस्थळावर त्या कोडचे दर बघा. स्वतंत्र इमेजिंग सेंटर आणि हॉस्पिटल यांत बहुतेकदा मोठा फरक निघतो. डिडक्टिबल तुमच्या खिशातून जायचं असताना ही दहा मिनिटं सार्थकी लागतात. इमर्जन्सीत मात्र भाव बघत बसायचं नाही. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस कायद्यामुळे इमर्जन्सीत आउट-ऑफ-नेटवर्क हॉस्पिटलात गेलात तरी तुमचा वाटा इन-नेटवर्कसारखाच धरावा लागतो. रस्त्यावरून जाणारी अँब्युलन्स त्यातून सुटली आहे, एवढं लक्षात असू द्या.

मेरीलँडहून एक वाचक : माझा एचडीएचपी आणि एचएसए. बायको तिच्या ऑफिसात एफएसए घेते आहे. चालेल?

साधी, सगळ्या वैद्यकीय खर्चाची एफएसए असेल तर चालणार नाही. तिच्या एफएसएतून तुमचाही खर्च देता येतो, तेवढ्यानेच तुम्ही एचएसएला अपात्र ठरता. प्रत्यक्षात एक डॉलरही वापरला नाही तरी. तिच्या ऑफिसात 'लिमिटेड पर्पज' एफएसए असेल, फक्त दात आणि डोळ्यांची, तर ती खुशाल घ्या. चुकून एचएसएत पैसे गेलेच असतील तर टॅक्स रिटर्नच्या मुदतीआधी, त्यावरच्या कमाईसकट, काढून घ्या. नाहीतर दरवर्षी ६ टक्के दंड लागत राहतो.

अटलांटाहून एक वाचक : आईबाबा सहा महिन्यांसाठी येताहेत. त्यांची औषधं, डॉक्टर, व्हिजिटर इन्शुरन्स एचएसएतून करता येईल का? आणि भारतात गेल्यावर मी रूट कॅनाल केलं तर?

आईबाबांचं नाही करता येणार. एचएसएतून स्वतःचा, जोडीदाराचा आणि करासाठी तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचाच खर्च चालतो. अवलंबित ठरायला अमेरिकेचा नागरिक किंवा करासाठी रहिवासी असावं लागतं, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोचा रहिवासी. भेटीला आलेले आईवडील साधारणपणे यात बसत नाहीत. वापरलेत तर त्या रकमेवर आयकर आणि वर २० टक्के दंड. त्यांच्यासाठी वेगळी रक्कम काढून ठेवा आणि विमा घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा.

तुमचं रूट कॅनाल चालेल. उपचार कुठल्या देशात झाला याने फरक पडत नाही, तो कायदेशीर आणि वैद्यकीय गरजेचा हवा. दवाखान्याची तारीख आणि नाव असलेली पावती घ्या, त्या दिवसाचा डॉलरचा दर तिच्यावरच लिहून ठेवा. तिथली औषधं मात्र तिथे असताना घेतली तरच मोजता येतात. बॅगेतून इकडे आणलेला सहा महिन्यांचा साठा आयआरएसच्या ५०२ क्रमांकाच्या पुस्तिकेप्रमाणे चालत नाही. दात पांढरे करून घेणंही नाही, तो सौंदर्याचा खर्च झाला.

फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून एक वाचक : खर्च खिशातून करायचा, पावत्या ठेवायच्या आणि वीस वर्षांनी एचएसएतून काढायचा, हे खरंच चालतं?

चालतं. खर्च खातं उघडल्यानंतरचा असला, दुसरीकडून भरून घेतलेला नसला आणि रिटर्नमध्ये वजावट म्हणून दाखवलेला नसला की पैसे काढायला मुदत नाही. पावतीसोबत ईओबीही जपा. दुकानाच्या पावतीवरची शाई पुसट होते, म्हणून त्याच दिवशी स्कॅन करा, आणि त्या फाइल कुठे आहेत हे जोडीदाराला ठाऊक असू द्या. वारस म्हणून जोडीदाराचं नाव असेल तर खातं तसंच पुढे त्यांचं होतं. मुलांना गेलं तर ते एचएसए राहत नाही, पूर्ण रक्कम त्या वर्षीचं त्यांचं उत्पन्न धरली जाते. मुलांसाठी ठेवायचं असेल तर ही जागा योग्य नाही.

फिनिक्सहून एक वाचक : मी ६४ वर्षांचा, अजून तीन वर्षं नोकरी करायचा विचार आहे. ६५ नंतर एचएसएत पैसे घालता येतील का? पत्नी ६० ची आहे, माझ्याच विम्यावर.

वयामुळे बंदी येत नाही, मेडिकेअरमुळे येते. मेडिकेअरचा कुठलाही भाग सुरू झाला की त्या महिन्यापासून तुमची मर्यादा शून्य. आणि इथे एक गोष्ट आहे जिच्यात हुशार माणसंही अडकतात. ६५ नंतर उशिराने मेडिकेअर घेतलं की पार्ट ए, म्हणजे त्यातला हॉस्पिटलचा भाग, सहा महिने मागे जाऊन लागू होतो, मात्र ६५ च्या महिन्याच्या मागे नाही. म्हणून निवृत्तीचा किंवा सोशल सिक्युरिटीचा अर्ज करायच्या सहा महिने आधी एचएसए थांबवायचं. ६५ नंतर सोशल सिक्युरिटी घेतलं की पार्ट ए आपोआप चिकटतो, तो नाकारता येत नाही, हेही त्यातच आलं. ज्या वर्षी मेडिकेअर सुरू होईल त्या वर्षीची मर्यादा महिन्यांच्या हिशेबाने धरा. एकट्याच्या प्लॅनवर असाल आणि जुलैपासून मेडिकेअर असेल तर ४,४०० अधिक १,००० चे निम्मे, म्हणजे २,७००.

कंपनीत २० पेक्षा कमी माणसं असतील तर हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि ६५ व्या वर्षीच मेडिकेअर घ्या. छोट्या कंपनीत पैसे आधी मेडिकेअरने द्यायचे असतात. तुम्ही ते घेतलेलं नसलं तर कंपनीचा विमा हात वर करू शकतो.

पत्नीच्या बाबतीत मात्र चांगली बातमी आहे. तुम्ही मेडिकेअरवर गेलात तरी त्या तुमच्या कंपनीच्या कौटुंबिक एचडीएचपीवर असतील, दुसरा विमा नसेल, तर त्या स्वतःच्या नावाने एचएसए उघडून कुटुंबाची पूर्ण मर्यादा भरू शकतात, वर ५५ नंतरचे १,०००. ते १,००० तुमच्या खात्यात घालता येत नाहीत, त्यांचंच खातं लागतं. त्यामुळे खातं आत्ताच उघडा. या वर्षाचे त्यांचे १,००० तरी त्यात घालता येतील.

६५ नंतर खात्यातून मेडिकेअरच्या पार्ट बी (डॉक्टर) आणि डी (औषधं) चे हप्ते देता येतात, मेडिगॅप या पूरक खासगी विम्याचे नाही. २० टक्के दंडही सुटतो. औषधाशिवाय इतर कामाला काढले तर फक्त आयकर.

बॉस्टनहून एक वाचक : मुलगा २४ वर्षांचा, नोकरी करतो, विमा अजून आमच्या एचडीएचपीवर आहे. त्याच्या दातांचा खर्च आमच्या एचएसएतून केला तर?

विमा २६ पर्यंत चालतो, एचएसएचा नियम वेगळा आहे. तो तुमच्या रिटर्नवर अवलंबित नसेल तर तुमच्या खात्यातून त्याचा खर्च चालत नाही. पण तो कौटुंबिक प्लॅनवर आहे, अवलंबित नाही, म्हणून स्वतःचं एचएसए उघडून २०२६ ला पूर्ण ८,७५० घालू शकतो, तुमच्या ८,७५० ला धक्का न लावता. पैसे तुम्ही दिलेत तरी चालतं, करसवलत त्याला मिळते. त्याला कंपनीची गरज नाही, कुठल्याही एचएसए देणाऱ्या बँकेत किंवा ब्रोकरेजमध्ये खातं उघडता येतं. १५ एप्रिलपर्यंत भरलेले पैसे मागच्या वर्षात धरता येतात. रिटर्नसोबत ८८८९ हा फॉर्म भरायला सांगा. आणि खातं दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी उघडायला सांगा, कारण खातं उघडण्यापूर्वी झालेला खर्च नंतर त्यातून घेता येत नाही.